नाडी मोजणाऱ्या निकम बाई

निकम बाईंनी माझ्या पोरीकडे पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिचा चेहरा नाही बघितला, नखं बघितली. मी मागच्या गवतात कपडे वाळत घालत होते, ईरा खाली बसून एकेक चिमटा मला देत होती, आणि कुंपणापलीकडे एक म्हातारी येऊन उभी राहिली. सुती साडी, खाली पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात काळ्या दोरीला शिट्टी. म्हणाली, "हात दाखव गं बाळ." ईरानं दाखवला. बाईंनी तिची बोटं उजेडाकडे धरली, एकेक नख दाबलं, सोडलं, परत दाबलं आणि मला विचारलं, "रंग आता चांगला आहे. आधी निळी पडायची का?"

माझ्या हातातली चादर खाली पडली. कारण ही गोष्ट मी इथे कुणालाच सांगितली नव्हती. परदेशातल्या या आमच्या न्यू लिन गावात एकाही मराठी घरात नाही, गणपतीत नाही, हळदीकुंकवात नाही. ईराच्या हृदयाला जन्मापासून भोक होतं आणि फुप्फुसाकडे जाणारी नळी बारीक होती, ती रडली की ओठ निळे पडायचे, नखं जांभळी व्हायची. अकरा महिन्यांची असताना ऑपरेशन झालं. आता सहा वर्षांची आहे, डॉक्टर दरवर्षी बघतात आणि दरवर्षी तेच म्हणतात, खेळू दे, पळू दे, दमली तर थांबू दे. विनायक, माझा नवरा, ते ऐकून आनंदानं घरी येतो. मी पण येते, पण मी ते ऐकलेलंच नसतं. मला फक्त 'दमली तर' एवढंच ऐकू येतं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"कुणी कशाला सांगायला पाहिजे, फ्रॉकचा गळा मोठा आहे, व्रण दिसतोय," बाई म्हणाल्या. "मी पीटीची बाई आहे. एकतीस वर्षं पोरी बघितल्यात. नाव काय तुझं?"

"रूपाली."

"रूपाली, चादर उचल. चिखल लागतोय."

तर अशा निकम बाई. सांगलीच्या मुलींच्या शाळेत पीटी शिकवून रिटायर झालेल्या आणि मग काही महिने राहायला लेकीकडे, मेधाताईंकडे आलेल्या. मेधाताई हेन्डरसनला एका औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहेत, दिवसभर बाहेर. आमच्या एका ड्राइव्हवेवर तीन घरं, मधलं त्यांचं, शेवटचं आमचं. विनायक मशीन शॉपमध्ये सकाळी सहाला जायचा. म्हणजे दिवसभर त्या ड्राइव्हवेवर बाई आणि मी, आणि तीननंतर ईरा.

बाईंना हळू बोलता यायचं नाही. मैदानावरचा आवाज घरात आणलेला. ईरा रडायला लागली की त्या म्हणायच्या, "सावधान." आणि ती खरंच गप्प व्हायची, मराठी तिला कळतं पण बोलते इंग्लिशमध्ये, 'सावधान' मात्र मराठीतच करायची, टाचा जुळवून. मग बाई म्हणायच्या, "विश्राम. आता रड." तेव्हा तिला रडायलाच यायचं नाही. समोरच्या घरातल्या कुत्र्यालाही बाई सावधान म्हणायच्या. तो मात्र ऐकायचा नाही, म्हणून बाईंचं त्याच्याशी पटत नव्हतं.

पाऊस असला की सकाळी मॉलमध्ये चालायला जायच्या, दुकानं उघडायच्या आत. एकट्याच चालायच्या आधी, हात जोरजोरात हलवत. मग एक गोरी आजी मागे लागली, मग तिची मैत्रीण, महिन्याभरात सात जणी झाल्या. बाईंना इंग्लिश येत होतं पण शाळेतलं, हुकूम देण्यापुरतं. हँड्स अप, हँड्स डाऊन, ब्रीद. सगळ्या जणी लिफ्टसमोर उभ्या राहून हात वर करायच्या. गार्ड आला, म्हणाला बाकी सगळं स्वीट ॲज, म्हणजे एकदम झकास, फक्त शिट्टी नको. बाईंनी त्याला 'किया ओरा' केलं, हा इथल्या माओरी लोकांचा नमस्कार, पण आपल्यासारखे हात जोडून, आणि शिट्टी ब्लाउजमध्ये टाकली. त्या आज्या त्यांना कोच म्हणायच्या. मेधाताई म्हणाल्या, "मी इथे आठ वर्षं राहतेय, मला सात मैत्रिणी नाहीत झाल्या."

मला हसू यायचं हे बघून, पण माझं लक्ष ईराच्या श्वासाकडेच असायचं. ईरा जिना चढली तरी मी मागे उभी राहून तिच्या पाठीला कान लावायची. ती म्हणायची, "मम्मी, आय ॲम फाइन." दिवसातनं किती वेळा म्हणायची. सहा वर्षांच्या पोरीनं इतक्या वेळा आय ॲम फाइन म्हणू नये.

बाईंची एक वही होती, तपकिरी पुठ्ठ्याची. शाळेत शनिवारी कवायत झाली की परिपाठाला त्या सगळ्या मुलींसमोर त्यातली एक गोष्ट सांगायच्या. सगळ्या शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या, सुरुवातीसुरुवातीच्या ऑलिंपिकमधल्या. कुठकुठल्या मासिकांतून, पेपरातून कापून चिकटवलेलं, बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं. शाळा सुटली की ईरा पायरीवर बसायची आणि बाई सांगायच्या. खेळाडूंची नावं सांगायच्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "नाव सांगितलं की पोरी नाव पाठ करतात आणि माणूस विसरतात. मला काय त्यांची परीक्षा घ्यायची होती?"

म्हणून मला कुणाचंच नाव माहीत नाही. पण तो क्यूबाचा पोस्टमन माहीत आहे, अमेरिकेत मॅरेथॉन पळायला आला तेव्हा त्याच्याकडे पळायची चड्डीच नव्हती, फुल पँट गुडघ्यापाशी कापून तशीच घातली. वाटेत लोकांशी गप्पा मारत, एका बागेतली सफरचंदं खात पळाला, पोट दुखायला लागलं तर आडवा होऊन झोपला, उठून परत पळाला आणि तरी चौथा आला. ईरानं विचारलं, "ही हॅड अ नॅप? इन द रेस?" बाई म्हणाल्या, "यस. नॅप. देन फोर्थ." ईरा दोन दिवस तेच सांगत फिरत होती.

आणि तो अमेरिकेचा, लहानपणी पोलिओ झालेला, डॉक्टरांनी सांगितलं की हा खुर्चीतच राहणार. त्यानं एकट्यानं पायांचा व्यायाम केला, आणि मोठा झाल्यावर जागेवरनं उडी मारायच्या स्पर्धा जिंकल्या. पळत येऊन नाही, जागेवर उभं राहून, बेडकासारखी. तेव्हा तशी स्पर्धा असायची. आणि तो जपानचा, स्वीडनमध्ये उन्हात पळता पळता चक्कर आली, एका घरात बाग होती तिथे लोक बसले होते, त्यांनी पाणी दिलं, हा लाजेनं कुणाला न सांगताच निघून गेला. तिकडच्या कागदावर तो हरवलेलाच राहिला. चोपन्न वर्षांनी त्याला बोलावलं, म्हाताऱ्यानं येऊन उरलेलं अंतर पळून शर्यत पुरी केली. मधल्या मधे लग्न, पोरं, नातवंडं सगळं झालं होतं.

आणि तो इटलीचा, मिठाईच्या दुकानात कामाला असलेला. लंडनला सगळ्यांच्या पुढे मैदानात शिरला आणि उलट्याच बाजूला पळायला लागला, भान नव्हतं. वळवला तर पडला. उठवला तर परत पडला. शेवटी धरूनच त्याला दोरीपार नेलं.

"डिड ही गेट अ रिबन?" ईरानं विचारलं. इथे शाळेत जिंकलं की रिबिन देतात.

"नो. औट," बाई म्हणाल्या. "उचललं ना त्याला. मदत केली म्हणून बाद. राणीनं दुसऱ्या दिवशी कप दिला, पण नंबर गेला."

बाई हे सांगताना उभ्या राहायच्या, पडून दाखवायच्या, गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकून दाखवायच्या. ईरा खिदळायची. मला त्या गोष्टींत पळणारा कधी दिसलाच नाही, मला पडणाराच दिसायचा.

एक दिवस बाईंनी ईराला विचारलं, "तू काय करतेस शाळेच्या मैदानावर?" ईरा म्हणाली, "आय होल्ड द जंपर्स."

बाईंना कळलं नाही. म्हणाल्या, "काय धरते?"

"स्वेटर धरते," मी म्हटलं, आणि जमिनीकडे बघत बसले. कारण ते माझं काम होतं. ज्या दिवशी शाळेत पळायचं असायचं त्या दिवशी मी टीचरला मेसेज करायची, फोनवर मराठीत बोलून इंग्लिश करून घ्यायची, ईराचा पाय दुखतो, आज बसू द्या. दर आठवड्याला. डॉक्टरांचा कागद शाळेकडे होता, त्यात पळू द्या लिहिलेलं, पण आईनं पाय दुखतो म्हटलं तर ते काय करणार. टीचर चांगली होती, ईराला एकटं वाटू नये म्हणून तिला काम दिलं, बाकीची मुलं पळायच्या आधी स्वेटर काढून तिच्या मांडीवर टाकायची. वीस स्वेटर. ती बाकावर स्वेटरांच्या मागे बसायची. विनायकला यातलं काही माहीत नव्हतं.

मला वाटलं बाई आता मला झापणार. त्यांनी ईराला आत पाणी आणायला पाठवलं आणि मला म्हणाल्या, "ऊठ. पळ. त्या पत्रपेटीपर्यंत जा आणि ये. तीनदा."

"मी? मी जॅन्डल्स घातल्यात."

"काढ त्या चपला. इथली पोरं नाही का अनवाणी पळत. घाबरलेली तू आहेस ना, मग तूच पळायचं."

मी पळाले. कुडत्यावर, अनवाणी, त्या कुत्र्याच्या भुंकण्यात. नववीनंतर मी कधी पळाले नव्हते. तिसऱ्यांदा आले तेव्हा कानात धडधड, छाती फुटते की काय असं झालं, मी कुंपण धरलं. बाईंनी माझं मनगट धरलं, अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं ठेवली आणि घड्याळाकडे बघितलं.

"एकशे चव्वेचाळीस," त्या म्हणाल्या. "मेलीस का?"

"नाही."

"आता थांब. बोलू नकोस." दोन मिनिटांनी परत बोटं ठेवली. "शंभरला आली. बघ, कशी उतरते. चांगल्या हृदयाचं लक्षण चढणं नाही, उतरणं. पळाल्यावर चढणारच. मग उतरते का ते बघायचं. भीती वाटते ना तुला, मग ती मोजायची. नुसती वाटून घ्यायची नाही."

त्यांनी मला शिकवलं. दोन बोटं, अंगठा नाही, अंगठ्याला स्वतःचीच नाडी असते. पंधरा सेकंद मोजायचं आणि चारनं गुणायचं. मी आठ दिवस सगळ्यांची नाडी मोजली, विनायकची जेवताना मोजली. तो म्हणाला, "रूपा, भात तरी खाऊ दे."

मग ईराची. बाई म्हणाल्या होत्या, रोज संध्याकाळी पत्रपेटीपर्यंत एकदा, मग दोनदा. मी लिहून ठेवायची. एकशे सोळा, एकशे वीस. उतरून नव्वद. खरं सांगते, मला पहिल्यांदा जरा बरं वाटत होतं.

आणि मग एका शनिवारी बाई मेधाताईंबरोबर भाजी आणायला गेल्या होत्या, विनायक ओव्हरटाइमला. ईरा म्हणाली मी चारदा पळते. पळाली. आली तेव्हा गाल लालभडक, केस कपाळाला चिकटलेले. मी बोटं ठेवली आणि घड्याळ बघायला लागले, आणि मला इतकी भीती वाटत होती की पंधराला थांबायचं ते विसरले, काटा पूर्ण फिरला तरी मी मोजतेच आहे. एकशे अठरा. मग आठवलं की चारनं गुणायचं असतं. फोनवर गुणलं. चारशे बहात्तर.

परत गुणलं. चारशे बहात्तर.

मी एकशे अकरा फिरवला, इथला अँब्युलन्सचा नंबर. काय बोलले मला आठवत नाही, हार्ट, हार्ट, चाइल्ड, फोर हंड्रेड, एवढंच. ईराला मांडीवर आडवी धरली, ती सुटायला बघतेय, "मम्मी, स्टॉप, आय ॲम फाइन," आणि मला वाटतंय हिला झटके येतायत. अँब्युलन्स आली. त्यातनं उतरली ती एक उंच माओरी बाई, शांत, "किया ओरा, डार्लिंग" म्हणाली, ईराला मशीन लावलं, छाती ऐकली. मग मला म्हणाली, तू कशी मोजलीस दाखव. मी दाखवलं. बोटं ठेवली, काटा फिरला, मी मोजतेय, ती पण मोजतेय. मिनिट झाल्यावर मी म्हटलं, नाउ इनटू फोर.

ईराच बोलली. "मम्मी, यू डिड द सम राँग."

ती बाई हसली नाही, हे मी विसरणार नाही. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, हीप्स, म्हणजे ढिगानं लोक घाबरून फोन करतात, बरं केलंस, तुझी पोरगी मस्त आहे.

त्याच वेळी मेधाताईंची गाडी ड्राइव्हवेवर शिरली. बाईंनी अँब्युलन्स बघितली. गाडी थांबायच्या आत दार उघडलं, उतरल्या, आणि तिथेच उभ्या राहिल्या. पुढे आल्या नाहीत. मेधाताई धावत आल्या, ईराशी बोलल्या, माझ्याशी बोलल्या, हसल्यासुद्धा. बाई मात्र आपल्याच पायरीवर बसल्या, कांद्याच्या पातीची पिशवी मांडीवर धरून, आणि त्यातल्या पातीचे नुसते तुकडे करत राहिल्या. मला वाटलं रागानं. त्यांनी शिकवलेलं मी वाया घालवलं म्हणून. मग उठून घरात गेल्या. मला इतकी लाज वाटली की मी आठ दिवस कपडे घरातच वाळवले.

त्या आठ दिवसांत शाळेतून कागद आला. क्रॉस कंट्री. सगळ्या मुलांनी पळायचं, मैदानाला वळसा घालून, मागच्या झाडांच्या पलीकडून, आणि परत. ईरानं तो कागद फ्रिजवर लावला, स्वतः, खुर्ची घेऊन. मी फोनवर मेसेज तयार ठेवला, पाय दुखतो.

विनायक म्हणाला, "बाई किती छान सांगतात त्या जुन्या ऑलिंपिकचं, मी ईराला व्हिडिओ दाखवतो." लावला. त्या जपानी माणसाच्याच शर्यतीचा होता, स्वीडनमधला. मी भाकरी थापत ऐकत होते, इंग्लिश अर्धं कळत होतं, आणि त्यात एक पोर्तुगालचा आला. एकवीस वर्षांचा. ऊन लागू नये म्हणून त्यानं अंगाला मेण चोपडलं होतं. घाम बाहेर पडेना. पळता पळता पडला आणि दुसऱ्या दिवशी मेला.

मी तवा खाली उतरवला आणि पिठाच्या हातांनी बाईंच्या दारात गेले. आठ दिवसांत पहिल्यांदा. म्हटलं, "त्याच शर्यतीत एक मेला. तुम्ही पाणी पिणारा सांगितला, मेलेला सांगितला नाही. सगळ्या उठणाऱ्यांच्याच गोष्टी सांगितल्यात तुम्ही."

बाई खुर्चीत बसल्या होत्या. "आत ये," एवढंच म्हणाल्या. वही काढली. मधली दोन पानं टाचणीनं एकमेकांना टाचलेली होती, टाचणी गंजलेली. "तो इथे आहे," त्या म्हणाल्या. "परिपाठाला मी हे पान वाचत नाही. आधी एकदा वाचलं होतं. नंतर नाही."

"कशाच्या नंतर?"

त्यांनी शिट्टी गळ्यातनं काढून टेबलावर ठेवली. "आठवीतली होती. आठशे मीटर. दुसऱ्या फेरीला माझ्याजवळून जाताना म्हणाली, बाई, छातीत कसंतरी होतंय. पोरी रोज काहीतरी सांगतात गं, पाय दुखतो, पोट दुखतं. मी म्हटलं, नाटकं करू नकोस, पळ." त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच एवढा लहान ऐकला. "वळणावर पडली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. हृदयात काहीतरी होतं, जन्मापासून, कुणाला माहीतच नव्हतं. त्यानंतर मी प्रत्येक पोरीची नखं बघितली, प्रत्येकीची नाडी मोजली. हसायचे मला मास्तर लोक."

हाताचं पीठ वाळायला लागलं होतं. अँब्युलन्स बघून त्या का पुढे आल्या नाहीत ते मला तेव्हा कळलं, आणि कळल्यावर मी जास्तच घाबरले. मला वाटायचं या जगात एक तरी माणूस आहे ज्याला भीती नाही वाटत, आणि ते माझ्या शेजारी राहतं. तेही नव्हतं.

"मग काय करू मी?" मी विचारलं. "पळू देऊ का?"

"मला विचारू नकोस."

"बाई, तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल तसं करते."

"नाही सांगणार," त्या म्हणाल्या. "एकदा सांगितलंय मी एकीला, पळ म्हणून. आता कुणाला नाही सांगत." मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, "एवढंच सांगते. त्या पोरीचं हृदय कुणी बघितलं नव्हतं. तुझ्या पोरीचं उघडून बघितलंय, शिवलंय, दरवर्षी बघतात. आणि दुसरं, ती थांबते म्हणाली तर तिला थांबू दे. थांबू देणारं माणूस असलं की पोरं पळतात."

मी घरी आले. ईरा फ्रिजसमोर उभी होती. मी विचारलं, "तुला पळायचंय?" ती म्हणाली, "येस." मी म्हटलं, "दमलीस तर थांबायचं. मध्येच थांबलीस तरी चालेल, चालत आलीस तरी चालेल, झोपलीस तरी चालेल." ती म्हणाली, "लाइक द पोस्टमन?" मी हो म्हटलं, आणि तिच्यासमोर फोनमधला मेसेज पुसला, तिला काही कळलं नाही तरी.

त्या दिवशी पाऊस पडून गेलेला, मैदान चिखल. सगळी आईबापं दोरीच्या बाजूनं छत्र्या घेऊन. विनायकनं अर्धी सुट्टी घेतली होती. बाई पण आल्या होत्या, साडीवर मेधाताईंचं जाड जाकीट, माझ्या शेजारी उभ्या. शिट्टी वाजली, दुसऱ्या कुणाची तरी, आणि सगळी पोरं सुटली, निम्मी अनवाणी. ईरा पहिल्यांदा मधोमध होती, मग मागे, मग सगळ्यात मागे, आणि मग झाडांच्या पलीकडे गेली.

तिथे पोरं दिसत नाहीत. एक-दोन मिनिटं असतील. मी ओल्या दोरीला धरून उभी होते आणि मला कुणाचंच काही ऐकू येत नव्हतं. पुढची पोरं झाडांतून बाहेर यायला लागली. एक, चार, दहा. टाळ्या वाजतायत. सगळी आली. ईरा नाही आली.

विनायक म्हणाला, "येईल." त्याचाही आवाज बदलला होता.

मग ती दिसली. झाडाच्या कडेला, उभी. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान खाली. मी दोरी वर केली. एक पाय पलीकडे टाकला. विनायक धरतोय का मला हे मी बघितलं, तो नव्हता धरत, कुणीच धरत नव्हतं मला. मी जाऊ शकत होते. तिनं मान वर केली, माझ्याकडे बघितलं, लांबून, आणि हात वर केला, टाटा करतात तसा नाही, थांब म्हणतात तसा. मी पाय मागे घेतला. ती तशीच उभी राहिली अजून थोडी, मग चालायला लागली. चालत चालत अर्ध्यापर्यंत आली, आणि तिथून पळाली. वेडीवाकडी, चिखल उडवत, तोंड उघडं. शेवटून पहिली. टीचरनं तिला हिरवी रिबिन दिली, पुरी करणाऱ्या सगळ्यांना देतात ती, आणि ईरा माझ्या पोटात येऊन आदळली. तिचे ओठ बघितले, लाल होते. नखं बघितली, त्यांत चिखल होता.

म्हटलं बाईंना दाखवावं. शेजारी बघितलं तर बाई नाहीत.

विनायक म्हणाला, "पोरं झाडांपलीकडे गेली ना, तेव्हाच निघाल्या त्या." मी शोधलं. लांब, मैदानाच्या त्या टोकाला, शाळेच्या शेडजवळ होत्या, आमच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून. सगळ्या मैदानात तेवढ्याच एका माणसानं शर्यत बघितली नव्हती. मी ईराला घेऊन गेले. पावलं ऐकून त्यांनी विचारलं, वळून न बघताच.

"पोचली?"

"पोचली."

"थांबली होती?"

"थांबली होती. मग आली."

तेव्हा वळल्या. ईराच्या डोक्यावर हात ठेवला, काढला, परत ठेवला. मग एकदम खाली बघून, मैदानावरच्या आवाजात म्हणाल्या, "पाय बघ पोरीचे. अनवाणी उभी केलीस चिखलात. बूट कुठेत हिचे?"

आणि माझ्या उत्तराची वाट न बघता बूट शोधायला निघाल्या. दोन आठवड्यांनी त्या सांगलीला परत गेल्या, त्या दिवशी ईराला शाळेत सोडून मी येईपर्यंत त्यांची गाडी विमानतळाकडे निघून गेली होती. त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर बाई आहेत त्या अशाच, त्या मैदानावर. लोक छत्र्या मिटून निघालेत, आणि त्या साडी घोट्याच्या वर धरून, वाकून, एकेका बाकाखाली बघतायत, मध्येच थांबून पदर डोळ्यांना लावतायत, परत वाकतायत.

बूट माझ्याच पिशवीत होते. विनायक हाक मारणार होता, मी त्याचा हात धरला. म्हटलं, थोडा वेळ शोधू दे त्यांना.